इंद्रियांची परतवारी



संतसज्जनांना, वीणेकऱ्यांना, टाळकरी-मृदंगकऱ्यांना आणि मागं मांडवाच्या खांबाला पाठ टेकून बसलेल्या थकल्या पायांनाही माझा दंडवत. काल पौर्णिमेला गोपाळपुरात काला झाला आणि पालख्या माघारी निघाल्या. तुम्ही काही मंडळी राहिलात. कोणी चातुर्मासासाठी, कोणी गाडीला गर्दी आहे म्हणून. कसंही असो, राहिलात हे बरं झालं.

तुमच्यापैकी परतवारी किती जणांनी केली आहे? हात वर करा बरं. पाच... सहा. एवढ्या मोठ्या मांडवात सहा हात. येताना लाखांचा समाज असतो. दिवे घाट पांढऱ्या टोप्यांनी भरून जातो, गावोगावी रांगोळ्या, पंगती, पाय चेपून देणारी पोरं. माघारी जाताना पादुका त्याच, वीणा तीच, वाटही तीच, पण पालखीबरोबर माणसं मोजकी. रस्त्याच्या कडेला बघायला कोणी उभं नाही. देवाकडे निघालेल्याला सगळे बघतात, घराकडे परतणाऱ्याला कोणी बघत नाही. आज ज्या विषयावर बोलायचं आहे तो या परतवारीसारखाच आहे. योगाच्या आठ अंगांत तो पाचवा येतो. त्याचं नाव प्रत्याहार.

यम, नियम, आसन, प्राणायाम इथपर्यंत लोक हौसेनं येतात. आसनं तर आता टीव्हीवरसुद्धा दिसतात. धारणा, ध्यान, समाधी ही पुढची तीन नावंही मोठी वजनदार, ती घ्यायला सगळ्यांना आवडतं. मधल्या प्रत्याहाराची मात्र कोणी चौकशी करत नाही. पतंजली महामुनींनी योगसूत्रांच्या दुसऱ्या पादाचा, साधनपादाचा, शेवट प्रत्याहारावर केला आणि पुढची तीन अंगं तिसऱ्या पादात नेली. पहिली पाच बाहेरची, पुढची तीन आतली, असा त्यांचा हिशोब. म्हणजे प्रत्याहार हा उंबरठा झाला. इकडं अंगण, तिकडं माजघर. उंबरठा ओलांडल्याशिवाय कोणी माजघरात गेलंय का?

शब्द बघा. आहार म्हणजे आणणं, घेणं. डोळ्याचा आहार रूप, कानाचा आहार शब्द, जिभेचा रस, नाकाचा गंध, कातडीचा स्पर्श. प्रत्याहार म्हणजे उलट आणणं, माघारी आणणं. व्याकरण शिकलेली मंडळी इथं असतील तर त्यांना हा शब्द दुसरीकडूनही ओळखीचा आहे. पाणिनींच्या व्याकरणात चौदा माहेश्वर सूत्रं आहेत, त्यांतली अक्षरं आवळून ‘अच्’ म्हटलं की सगळे स्वर आले. त्या आवळण्यालाही प्रत्याहारच म्हणतात. पसरलेलं आवळून घ्यायचं, हा अर्थ दोन्हीकडे सारखाच.

जेजुरीला गेला असाल तर गडावर खंडेरायाच्या देवळासमोर पितळी पत्र्यानं मढवलेलं भलंमोठं कासव बघितलं असेल. पुष्कळ देवळांत गाभाऱ्याच्या आधी दगडी कासव असतं, आपण त्याला हात लावून पुढं जातो. ते तिथं का बसवलंय? गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी स्थितप्रज्ञाला कासवाचा दाखला दिला आहे. कासव चार पाय आणि मान पाठीखाली ओढून घेतं, तसा तो इंद्रियांना विषयांपासून ओढून घेतो. गाभाऱ्यात जाण्याआधी एवढं करा, मग आत या, असं ते कासव आपल्याला सांगतंय. आणि आपण? कासवाला नमस्कार करतो आणि चपला कुठं काढल्या ते मागं वळून बघतो.

पण एक सांगू का, कासवाच्या या दाखल्यानं माझा बरीच वर्षं गैरसमज झाला होता. मला वाटायचं, ओढून घ्यायचं म्हणजे दामटून घ्यायचं. डोळे गच्च मिटायचे, कानात बोटं घालायची. हठयोगात षण्मुखी मुद्रा आहे. कान, डोळे, नाकपुड्या बोटांनी झाकून आतला नाद ऐकायचा. ती खोटी नाही, अधिकारी माणसाकडून शिकावी. पण बोटं काढल्यावर काय? भगवंतांनी कासवाच्या पाठोपाठच उपाशी माणसाचा दाखला दिला आहे, तो आपण विसरतो. जेवण सोडणाऱ्याचा विषय सुटतो, गोडी सुटत नाही. आपली एकादशी बघा. ताटातून भाकरी गेली, मनातून गेली का? साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचा कीस. एकादशी आणि दुप्पट खाशी! जीभ कुठं माघारी आली? तिनं फक्त दुकान बदललं. आणि तिसऱ्या अध्यायात देव आणखी स्पष्ट बोलतात. इंद्रियं आवरून बसायचं आणि मनानं विषय चघळायचे, त्याला त्यांनी मिथ्याचारी म्हटलंय. आपल्या भाषेत सांगायचं तर ढोंगी.

(माउली, ते बाळ रडतंय त्याला बाहेर नेऊ नका. रडू द्या. बसा तुम्ही.)

मग इंद्रियं माघारी कशी येतात? पतंजलींनी सांगितलं ते फार हळुवार आहे. विषयांशी संबंध सुटला की इंद्रियं जणू चित्ताच्याच रूपाचं अनुकरण करतात, अशा अर्थाचं ते बोलतात. त्यात ‘जणू’ हा शब्द आहे. त्या सूत्रावर व्यासभाष्यात मधमाश्यांचा दृष्टांत दिलाय. पोळ्यातली मुख्य माशी उडाली की बाकीच्या तिच्यामागं उडतात, ती बसली की त्या बसतात. जुन्या काळी तिला राजा म्हणत, आता आपल्याला ठाऊक आहे की ती राणी आहे. राजा असो की राणी, एकेका माशीला पकडून पोळ्यात कोंबावं लागत नाही. चित्त बसलं की इंद्रियं बसली.

शेतकऱ्याला हे माश्यांपेक्षा गुरांवरून लवकर कळेल. दिवस मावळायला गाय रानातून घराकडे निघते. दावं धरून ओढत कोणी आणतं का तिला? गव्हाणीत वैरण आहे, गोठ्यात वासरू आहे, तिची तिची येते. गव्हाण रिकामी ठेवा, वासरू दुसरीकडं बांधा, मग बघा, दहा माणसं लावली तरी गाय आडवी धावते. आपण इंद्रियांवर काठ्या उगारतो आणि आतली गव्हाण रिकामी ठेवतो.

याच भाष्यात इंद्रियं जिंकणं म्हणजे नक्की काय, यावर चार-पाच मतं सांगितली आहेत. कोणी म्हणतं विषयांचं व्यसन नको, एवढं पुरे. कोणी म्हणतं शास्त्राला धरून भोगावं. कोणी म्हणतं आपल्या इच्छेनं भोगावं, विषयांच्या ताब्यात जाऊ नये. कोणी म्हणतं समोर विषय आला तरी राग-द्वेष उठू नये, सुखदुःख चिकटू नये. शेवटी जैगीषव्य नावाच्या ऋषींचं मत येतं. चित्त एकाग्र झालं म्हणून इंद्रियांचं विषयांकडे लक्षच न जाणं, हा खरा जय. भाष्यकारांनीही तेच मत वरचं मानलंय.

आता मी जे सांगणार आहे ते कीर्तनात सांगायला मला वीस वर्षं लागली.

माझं वय तेव्हा बत्तीस असेल. आळंदीला राहून थोडं शिकून आलो होतो, गावोगावच्या सप्ताहांत कीर्तनं मिळायला लागली होती, आणि ध्यानाचं वेड शिरलं होतं. पहाटे चारला उठायचं, धाबळी अंथरायची, पाठ ताठ, तासभर हलायचं नाही. घरात आई होती. तिला अर्धांगाचा झटका येऊन गेलेला, उजवी बाजू चालत नव्हती. माझी मंडळी त्या दिवसांत बाळंतपणाला माहेरी गेलेली. म्हणजे घरात आई आणि मी.

एका पहाटे मी बसलो आणि आतल्या खोलीतून आईनं हाक मारली. बाळा, पाणी दे रे. मी उठलो नाही. म्हटलं, ही परीक्षा आहे, साधनेत अशीच विघ्नं येतात. परत हाक आली. मी श्वासाकडे लक्ष दिलं. तिसऱ्यांदा तिनं जरा बारीक आवाजात हाक मारली, मग शांत झालं. तास पुरा करून मी उठलो. खोटं सांगत नाही, मनात समाधान होतं. वाटलं, आज कान आत वळले. आत जाऊन बघतो तर तांब्या लवंडलेला. डाव्या हातानं घ्यायला गेली असणार. गोधडी भिजलेली, आणि ती त्या ओल्यात तशीच पडून होती. मला बघून काय म्हणाली? “तुझं झालं का रे? मी हाक मारायला नको होती.”

रागावली असती तर बरं झालं असतं.

पुढं कितीतरी वर्षं मी प्रत्याहारावर बोलत राहिलो. गोरोबाकाकांची कथा रंगवून सांगायचो. तेरढोकीचा कुंभार, चिखल तुडवतोय, मुखी विठ्ठल, रांगतं लेकरू पायाखाली आलं तरी कळलं नाही, बघा कशी इंद्रियं आत गेली होती! मृदंग वाजायचा, लोक डोळे पुसायचे. एका गावी कीर्तन संपल्यावर एक बाई पाया पडायला आली. कडेवर लेकरू. म्हणाली, “महाराज, एक इचारू? लेकराचं रडणं ऐकू येऊ नये, अशी भक्ती असतीया का?” मी ठरलेलं उत्तर दिलं, देहभान, तन्मयता वगैरे. ती काही बोलली नाही. लेकराच्या डोक्यावर पदर घेतला आणि गेली.

एसटीत बसून येताना ती बाई डोळ्यापुढून हलेना. आणि तिच्या मागं आई उभी.

तेव्हा मला पहिल्यांदा एक साधी गोष्ट सुचली. आईनं तीन हाका मारल्या होत्या. तीन, हे मला कसं कळलं? दुसरी कशी होती, तिसरी बारीक होती, हे कोणी ऐकलं? कान आत गेलेच नव्हते! ते दाराशी उभे राहून मोजत होते. मी फक्त उठलो नाही. त्याला मी प्रत्याहार म्हणत होतो. जैगीषव्य म्हणतात ते लक्ष न जाणं वेगळं, आणि लक्ष जाऊनही जागचं न हलणं वेगळं. पहिल्यात चित्त कुठंतरी बुडालेलं असतं. दुसऱ्यात चित्त स्वतःकडेच बघत असतं, की बघा मी कसा बसलोय.

गोरोबांचं न ऐकणं खरं होतं, मी त्यावर बोलणारा कोण? पण ती कथा मी चिखलापाशी संपवत होतो, हा माझा दोष. संतांच्या परंपरेनं ती तिथं संपवलेली नाही. पुढं हात गेले, घर मोडलं, दुःख झालं, आणि पंढरीत नामदेवरायांच्या कीर्तनात ते लेकरू रांगत परत आलं, मगच कथा थांबली. आपल्या वाडवडलांनाही ते लेकरू परत आणल्याशिवाय राहवलं नाही. त्या बाईला मी एवढं जरी सांगितलं असतं! आता ती कुठं भेटणार.

मग इंद्रियं आत वळवणं आणि आईला पाणी देणं यांचा मेळ कसा घालायचा? हा प्रश्न घेऊन मी पोथ्या उलटल्या. कठोपनिषदात वाचलं, विधात्यानं ही दारं बाहेर उघडणारीच कोरली आहेत, म्हणून माणूस बाहेर बघतो, एखादाच धीराचा पुरुष दृष्टी फिरवून आत बघतो. वाचून आनंद झाला, पण माझं उत्तर मिळालं नाही. उत्तर तुम्ही-आम्ही रोज ज्याचं नाव घेतो त्याच्यापाशी होतं. चंद्रभागेत पाय धुताना समोर ज्याचं देऊळ दिसतं, त्याच्यापाशी.

पुंडलिकरायाच्या दारात प्रत्यक्ष देव आला. कथा तुम्हाला पाठ आहे, मी वेगळं काही सांगत नाही, एवढंच बघा. डोळ्याला यापेक्षा मोठा विषय कोणता? कानाला यापेक्षा गोड हाक कोणती? तरी पुंडलिकाची नजर आईबापाच्या पायांवरून उचलली गेली नाही. वीट भिरकावली, म्हणाला, थांबा जरा. मला तर वाटतं हा खरा प्रत्याहार. डोळे उघडे आहेत, हात कामात आहेत, आणि पाचही इंद्रियं चित्तामागं, माश्या राणीमागं बसाव्यात तशी, एका जागी बसली आहेत. त्याला ‘आत’ जायला पापण्या मिटाव्या लागल्या नाहीत. मी पापण्या मिटून बाहेरच होतो.

आणि देवानं काय केलं? रागावून निघून गेला का? उभा राहिला. कमरेवर हात ठेवून अजून उभा आहे.

ज्ञानोबारायांनी दोन्ही वाटा दिल्या आहेत. शके 1212 मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी झाली, तिच्या सहाव्या अध्यायात एकांत जागा, आसन, बंध, कुंडलिनी, सगळं नाथपंथाच्या अनुभवानं उलगडलं आहे. ज्याला साधेल त्यानं सद्गुरूच्या पायाशी बसून करावं. पण त्याच माउलींनी हरिपाठही दिला, नांगर धरणाऱ्याला, चुलीपुढं बसणारीला म्हणता यावा असा. आपल्या वाटेचा प्रत्याहार बघा कसा चालतो. जिभेला नाम दिलं. कानाला त्याच नामाचा आवाज दिला, कारण कानाला पापणी नाही, तो मिटता येत नाही, त्याला कामच द्यावं लागतं. हाताला टाळ, पायाला पावली, डोळ्यापुढं पताका, नाकाशी बुक्का, गळ्याशी तुळशीच्या मण्यांचा स्पर्श. एकही इंद्रिय उपाशी ठेवलं नाही. सगळ्यांच्या गव्हाणीत एकच वैरण. मग ती जातील कुठं?

दर्शनबारीत तुम्ही किती तास उभे होता? वीस? अठ्ठावीस? तितका वेळ डोळे आसुसलेले, कधी मूर्ती दिसते. आणि पायांवर डोकं ठेवताना काय झालं ते आठवा. डोळे मिटले. कोणी सांगितलं होतं मिटायला? इतक्या तासांची भूक असलेले डोळे, समोर ताट आल्यावर आपण होऊन मिटले. पुजारी पुढं सरकवतो म्हणून आपण लगेच विसरतो, पण त्या एका क्षणात तुमचा प्रत्याहार झालेला असतो. आयुष्यात एकदा तरी झालेला असतो.

विदर्भातल्या माधानचे संत गुलाबराव महाराज, 1881 चा जन्म, तान्हेपणीच डोळे गेले. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणत. अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथ सांगितले आणि स्वतःला ज्ञानेश्वर माउलींची कन्या म्हणवून घेतलं. एक दार विधात्यानंच बंद करून पाठवलेलं. पण दार बंद असणं म्हणजे आत असणं नव्हे, डोळे नसलेला माणूसही दिवसभर बाहेर भटकू शकतो. महाराज भटकले नाहीत, कारण मन ज्ञानोबांच्या मांडीवर बसलं होतं.

तुम्ही विचाराल, घरी गेल्यावर काय करू? मी करतो तेवढंच सांगतो. पहाटे बसावं. कुत्री भुंकतील, दुधाची गाडी येईल, शेजारच्याचा मोबाईल वाजेल. आवाज आला तर येऊ द्यावा. त्याला सामोरं जायला मनाला दारापर्यंत पाठवू नये, कोण आहे, कशाला आला, असं विचारू नये. नाम आधी मोठ्यानं घ्यावं, कान त्यात गुंतला की ओठांत, मग ओठही थांबू द्यावेत. मन गेलं तर गेलं, त्याच्यामागं काठी घेऊन धावू नये, परत नाम मोठ्यानं सुरू करावं. आणि हाक आली, म्हाताऱ्याची, लेकराची, तर उठावं. उठून पाणी देऊन परत बसावं. हात तांब्याकडे गेला तरी जिभेवरचं नाम तुटत नाही, करून बघा.

आई त्यानंतर चार वर्षं होती. मी धाबळी तिच्या खोलीत नेली, तिच्या बाजेपाशी. तांब्या भरून शेजारी ठेवायचा आणि तिच्या चालत नसलेल्या पायाला तेल लावत नाम घ्यायचं. पहिल्यांदा जप सुटायचा, तेल सांडायचं. हळूहळू असं व्हायला लागलं की गाडी कधी गेली, कोंबडा कधी आरवला, कळायचं नाही. तिचा श्वास तेवढा ऐकू यायचा, नि नाम. एकदा तिनं पाणी मागितलं, मी दिलं, आणि उजाडल्यावर तिनं विचारलं, मघाशी मी काही मागितलं होतं का रे? मला सांगता येईना. पेला मात्र रिकामा होता.

असो. वेळ झाला. मृदंग लावून घ्या महाराज, स्वर जरा उतरलाय. ज्यांना एसटी गाठायची आहे त्यांनी सावकाश निघावं. बाकीचे टाळ उचला. ते बाळ झोपलं का माउली? मग सुरुवातीला जरा हळू म्हणू.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!